बावीस मांजरं

पीटीसरांनी सव्वीस वर्षं मुलांना उभं केलं होतं. रांगेत उभं केलं, उन्हात उभं केलं, उशीर झाला म्हणून फाटकापाशी उभं केलं. मुलांना बसवायचं कसं हे त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं, आणि नेमकं तेच काम वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांच्या गळ्यात पडलं.

गावाच्या पूर्वेला खताचा कारखाना होता. महिन्याभरापूर्वी तिथल्या मोठ्या टाकीतून वायू गळला. थोडाच गळला, असं कारखान्याने सांगितलं. थोडा म्हणजे किती, हे मात्र सांगितलं नाही. मग शाळेच्या मैदानावर तंबू आले, पाण्याचे टँकर आले, एक पांढरी गाडी आली. तिच्यात बसलेला माणूस दिवसभर फोनवर बोलायचा आणि कुणी जवळ गेलं की काच वर करायचा. मैदान गेलं तसे पीटीसर बिनकामाचे झाले. त्याच सुमारास बालवर्गाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, या दोन गोष्टींची बेरीज केली आणि सरांना बोलावून घेतलं.

"तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. अशा दिवसांत लहान मुलांनी मन शांत कसं ठेवायचं, घाबरल्यावर स्वतःला कसं सावरायचं, ते शिकवतात. तुम्ही जा."

"मी?"

"मग काय गणिताच्या सरांना पाठवू? त्यांना पाहून मुलं रडतात."

"मला पाहूनही रडतात, बाई."

"तुम्हाला पाहून पळतात. फरक आहे."

सर गेले. तिथे खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, त्यामुळे पहिल्या रांगेत कोण आणि शेवटच्या रांगेत कोण हे त्यांना तीन दिवस कळलं नाही. शिकवणारी ताई त्यांच्या निम्म्या वयाची होती आणि इतकी हळू बोलायची की सर पुढे वाकून वाकून अवघडले. "तुमच्या मनातली भीती शरीरात कुठे बसलीय ते शोधा," ती म्हणाली. सरांनी प्रामाणिकपणे शोधली. डाव्या गुडघ्यात सापडली, पण ते जुनं दुखणं होतं. तरी त्यांनी वहीत सगळं नीट उतरवून घेतलं. श्वास लांब सोडणे. आवाज खाली. मुलाच्या उंचीला येऊन बोलणे. शेवटच्या वाक्यापुढे त्यांनी गुडघ्याची आठवण होऊन प्रश्नचिन्ह काढलं.

घरी बायकोने ऐकून घेतलं. ती पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची आणि घरी आली की एकदाच बोलायची, पण वर्मावर बोलायची.

"तुम्ही शांतता शिकवणार? सकाळी दुधाची पिशवी फाटली तर चारही मजल्यांना कळतं."

"अगं, आता शिकलोय ना मी."

"बरं. उद्या मुद्दाम फाडून बघते."

बालवर्गात बावीस मुलं होती आणि एक मावशी. मावशी मुलांना शू-शी करवायच्या, डबे उघडून द्यायच्या, आणि खरं म्हणजे वर्ग त्याच चालवायच्या, पण हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. सर पहिल्या दिवशी आले आणि तासाभरात भोंगा वाजला.

हा भोंगा कारखान्याचा. गळतीनंतर जवळपास रोज सराव चालू होता. वेळ ठरलेली नसायची, कारण वेळ ठरवली तर तो सराव कसला, असं पांढऱ्या गाडीतल्या माणसाचं म्हणणं होतं. भोंगा सुरू झाला की आधी काचा थरथरायच्या आणि मग मुलं. त्या दिवशी एक रडलं, मग दुसरं, मग सगळीच. सरांचा हात सवयीने गळ्यातल्या शिट्टीकडे गेला आणि त्यांनी ती जोरात फुंकली. दोघांची चड्डी ओली झाली. मावशींनी शिट्टी सरांच्या गळ्यातून काढली आणि कपाटावर खडूंच्या खोक्यामागे टाकून दिली.

"एक भोंगा पुरे आहे, सर."

पुढचे तीन दिवस वहीतलं एकेक करून पाहिलं. फुगा फुगवल्यासारखा श्वास घ्या, तर मुलं खरे फुगे मागायला लागली. डोळे मिटून आवडती जागा आठवा, तर बावीसच्या बावीस जणांना आई आठवली आणि पुन्हा रडारड. चौथ्या दिवशी भोंगा चालू असताना सरांचं लक्ष खिडकीत गेलं. शाळेतलं भटकं मांजर तिथे अंगाचं वेटोळं करून पडलं होतं. काचा थरथरत होत्या, मांजर झोपलेलं होतं. त्याचा एक कान तेवढा भोंग्याकडे वळला आणि पुन्हा जागेवर आला.

"ते बघा," सर म्हणाले. "त्याला ऐकू येतंय. पण ते काय करतंय?"

"झोपलंय," भिंगरी म्हणाली. भिंगरी हे तिचं शाळेतलं नाव नव्हे, पण एका जागी बसलेली कुणी तिला पाहिली नव्हती, म्हणून सगळे तेच म्हणायचे. तिचे बाबा कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते आणि भोंगा तेच वाजवायचे. वर्गात तिला याचा मोठा मान होता.

तिथून मांजर सुरू झालं. आता पीटीसरांच्या हाती मांजर लागलं तर त्याचीही कवायत होणारच. एक, चटईवर. दोन, पाय पोटाशी. तीन, डोळे बंद. चार, घुर्र. घुर्र म्हणजे श्वास जितका लांब सोडता येईल तितका सोडायचा, घशातून आवाज काढत. सकाळी तीनदा, जेवणानंतर दोनदा, भोंगा असो वा नसो. आणि सव्वीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना हेही ठाऊक होतं की कवायतीत एक सूट दिली की तिची जत्रा होते. म्हणून त्यांनी नियम घातला. भोंगा थांबेपर्यंत मांजर उठत नाही. कुणी हाक मारली तरी नाही, कुणी खाऊ दिला तरी नाही.

आठवड्यात चमत्कार झाला. भोंगा वाजायचा, वरच्या वर्गांत पळापळ व्हायची, आणि बालवर्गात बावीस मांजरं चटईवर घुरघुरत पडलेली असायची. मोठ्या बाई येऊन पाहून गेल्या. दुसऱ्या शाळेच्या दोन बाई येऊन चोरून शूटिंग करून गेल्या. भिंगरी तर भोंगा वाजला नाही तर हिरमुसायला लागली. सरांनाही सवय लागली. चौकात गाड्या अडल्या की ते उभ्या उभ्या घुरघुरायचे.

"पोट बिघडलंय का?" बायकोने विचारलं.

"नाही गं. शांत होतोय."

"बाहेरून तसं वाटत नाही."

पंधराव्या दिवशी भिंगरीची आजी शाळेत आली. बसा म्हटलं तरी बसली नाही, म्हणजे मामला गंभीर होता.

"सर, तुम्ही काय शिकवलंत माझ्या नातीला?"

"का, काय झालं?"

"काल संध्याकाळी भोंगा झाला. आख्खी चाळ पिशव्या घेऊन रस्त्यावर. हिचा पत्ता नाही. मी वर, मी खाली, शेजारीण ओरडतेय. शेवटी कपाटाच्या खालच्या कप्प्यात सापडली. गोळा होऊन पडलेली. उठ म्हटलं, तर डोळे न उघडता म्हणते, भोंगा थांबला की. ओढली तर कपाटाला धरून बसली. मी विचारते, खरंच वायू आला असता तर?"

"पण ती रडली नाही ना?" सरांच्या तोंडून निघून गेलं.

आजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नाही. ती एकटी नाही रडली. बाकी आम्ही सगळे रडत होतो."

ती गेली आणि सर तिथेच उभे राहिले. मुलं शांत व्हावीत एवढंच काम होतं, आणि मुलं शांत झाली होती. मग हे मध्येच काय निघालं? ते तडक मोठ्या बाईंकडे गेले.

"बाई, भोंगा वाजल्यावर मुलांनी आत थांबायचं की बाहेर जायचं?"

बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे शेजारी शेजारी दोन परिपत्रकं चिकटवली होती. पहिल्यात लिहिलं होतं, भोंगा वाजताच दारे-खिडक्या बंद करून आतच थांबावे. दुसऱ्यात लिहिलं होतं, भोंगा वाजताच वाऱ्याच्या उलट दिशेने उंच जागी जावे. दोन्हींवर शिक्का होता, आणि शिक्का एकच होता.

"यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही खरी आहेत. म्हणून दोन्ही लावलीत. यातलं एकही काढायचा अधिकार मला नाही."

"मग मी मुलांना काय सांगू?"

"शांत राहायला सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते दोन्हीत चालतं."

शाळा सुटल्यावर सर कारखान्याच्या फाटकावर गेले. पहारेकऱ्याची खोली लिफ्टएवढी होती. आत भिंगरीचे बाबा, एक फोन, आणि भिंतीवर लाल बटण. सर दिसल्यावर ते गडबडीने उठले आणि त्यांचं डोकं छताला लागलं.

"भोंगा खरा की सरावाचा, हे ओळखायचं कसं?" सरांनी विचारलं.

"सोपं आहे. तीन तुटक म्हणजे सराव. एक सलग म्हणजे खरा."

"पण रोज एकच सलग वाजतो."

"हो. बटण जुनं आहे ना, चिकटतं. तीनदा दाबा नाहीतर एकदा, बाहेर एकच जातो."

"वर कळवलं नाही?"

"कळवलं. ते म्हणाले, लोकांना तुमच्याकडून सूचना द्या. आता मी कुणाकुणाला सूचना देऊ?" मग त्यांनी बाहेर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सर, पोर घाबरते का हो वर्गात?"

"नाही. अजिबात नाही."

"मग निदान तेवढं तरी बरं. घरी आलो की विचारते, बाबा, आजचा खरा होता का. मी म्हणतो, नाही. फोन आला की दाबायचं, एवढंच माझं काम. खरा का खोटा ते फोनवरचाही सांगत नाही. पण ती विचारते तेव्हा मी नाहीच म्हणतो. बापाने दुसरं काय म्हणायचं?"

परतताना सरांनी ठरवलं, मुलांना उठायलाही शिकवायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचवा अंक जोडला. पाच, मांजर उठून सरांच्या मागे चालतं. पहिल्याच वेळी भिंगरीने विचारलं, "का उठतं?"

"बाहेर जायला."

"बाहेर का जायचं?"

का जायचं हे सांगायचं तर वायूचं सांगायला हवं. वायूचं सांगितलं तर इतक्या दिवसांची शांतता गेली. बावीस चेहरे त्यांच्याकडे बघत होते आणि त्यातल्या दोघांचे ओठ आत्ताच वाकडे व्हायला लागले होते.

"सहज," सर म्हणाले. "राहू दे. चारच अंक बरे आहेत."

संध्याकाळी त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे तुम्ही त्यांना शांत करताय की गप्प करताय?"

"दोन्हींत फरक काय?"

"मला काय ठाऊक? प्रशिक्षणाला तुम्ही गेला होतात."

त्यानंतरच्या मंगळवारी, मुलं डबे उघडत असताना भोंगा झाला. मुलांनी डबे बाजूला सारले, चटईवर गेली, पाय पोटाशी, डोळे बंद, घुर्र. एरवी मिनिटभरात थांबायचा. हा थांबेना. सरांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली. तीन झाली.

मावशी दाराशी जाऊन आल्या. "रस्त्यावर लोक पळतायत."

"कुठे?"

"निम्मे इकडे, निम्मे तिकडे."

डोक्यावर खिडक्या धडाधड बंद होण्याचा आवाज येत होता. मोठ्या बाई पहिलं परिपत्रक पाळत होत्या. त्याच वेळी जिन्यावरून सातवीचा वर्ग खाली उतरत होता. त्यांचे सर दुसरं पाळत होते. पीटीसरांना कसला तरी उग्र वास आला. तो वायूचा होता की मावशींनी सकाळी पुसलेल्या फिनेलचा, हे त्यांचं त्यांना सांगता येईना.

"सर, काय करायचं ते ठरवा," मावशी म्हणाल्या.

सरांनी ठरवलं. का ठरवलं ते त्यांना नंतरही कुणाला सांगता आलं नाही. "मांजरं, उठा. बाहेर जायचंय."

एकही उठलं नाही.

"मी सांगतोय. मीच सांगतोय, सर. उठा."

घुर्र आणखी लांब झालं. कुणीही हाक मारली तरी उठायचं नाही, हे त्यांनीच तर घोटून घेतलं होतं, आणि आवाज जितका वर चढेल तितकं घट्ट गोळा व्हायचं हेही मुलं आपली आपण शिकली होती. सरांनी दोघांना काखेत उचललं. मावशींनी दोघांना. दारापर्यंत नेऊन ठेवलं तर ती चौघं डोळे मिटूनच रांगत परत चटईवर गेली. बावीस पोरं, चार हात, एक धड गुडघा. सर मटकन खाली बसले. भिंगरीच्या तोंडाशी त्यांचं तोंड आलं.

"भिंगरी, ऐक ना."

"भोंगा थांबला की," ती डोळे न उघडता म्हणाली.

"मला भीती वाटतेय."

एक डोळा उघडला. "कशाची?"

"तेच कळत नाहीये. हा खरा आहे की सरावाचा, मला माहीत नाही. इथे थांबावं की जावं, तेही माहीत नाही. पण मला इथे बसवत नाहीये गं."

"बाबांना विचारा."

"बाबांनाही माहीत नसतं. त्यांचं बटण चिकटतं."

दुसरा डोळाही उघडला. चटईवर आणखी चार-पाच डोकी वर आली. ही बातमी त्यांना नवी होती. मोठ्या माणसांना माहीत नसतं, असं आजवर कुठल्या मोठ्या माणसाने त्यांना सांगितलं नव्हतं.

"खरा असला तर काय होतं?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"घाणेरडी हवा येते. नाकात गेली तर त्रास होतो. मग उंचावर जावं लागतं."

सर रडारडीची वाट बघत राहिले. ती आली नाही. भिंगरी उठून बसली आणि तिने सरांच्या पाठीवर हात ठेवला, तसाच, जसा मावशी तिच्या ठेवायच्या. "आधी तुम्ही मांजर करा. लांब सोडा."

सरांनी श्वास सोडला. तो मध्येच तुटला. "पुन्हा," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा सोडला.

"आता मांजर चालत चालत घुरघुरू शकतं का?" सरांनी विचारलं.

"तुम्ही नाही म्हणाला होतात."

"मी चुकीचं सांगितलं होतं."

तिने विचार केला. मग ती दोन्ही हात जमिनीवर टेकून दाराकडे निघाली. तिच्यामागे दुसरं, मग तिसरं. सरांनी दोन पायांवर चला म्हणून एकदा सांगून पाहिलं. पण मांजर दोन पायांवर चालत नाही, यावर बावीस जणांचं एकमत होतं आणि वाद घालायला वेळ नव्हता.

तर त्या दिवशी त्या रस्त्याने जे पाहिलं ते असं. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे पळणारी माणसं, आणि त्यांच्या मधून चार पायांवर घुरघुरत जाणारा बालवर्ग. ब्रेडच्या गाडीवाल्याने गाडी आडवी लावून रस्ता अडवला आणि इंजिन बंद केलं. पिशव्या घेऊन पळणारा एक माणूस थबकला आणि विचारायला लागला, "इकडे जायचंय का?"

"माहीत नाही," सर म्हणाले.

तो त्यांच्यामागे चालू लागला. सरांनी वारा बघायला बोट ओलं करून वर धरलं. सगळं बोट सगळीकडून गार लागलं. शेवटी उंच म्हणजे पाण्याची टाकी, म्हणून ते टाकीच्या टेकाडाकडे वळले.

वर पोचता पोचता भोंगा थांबला. सरांनी मुलं मोजली, बावीस भरली. पुन्हा मोजली, बावीस. मावशींची तेवीस भरली, कारण त्यांनी सरांनाही धरलं होतं. मुलांचे तळहात आणि गुडघे काळे झाले होते. आणि आता, भोंगा थांबल्यावर, भिंगरी रडायला लागली. मग आणखी तिघं. सर त्यांना घुर्र करा म्हणणार होते, पण म्हणाले नाहीत. पंधरवड्यात वर्गात पहिल्यांदा कुणी रडत होतं आणि हे बिघडलं की सुधारलं, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी खिशातला रुमाल काढून आळीपाळीने चारही नाकं पुसली.

भिंगरीची आजी पिशवी घेऊन धापा टाकत वर आली. नातीकडे पाहिलं, मग सरांकडे. "खरा होता का हो?"

"माहीत नाही, आजी."

"बरं," आजी म्हणाली आणि त्यांच्या शेजारी गवतावर बसली. कुणी बसा न म्हणता बसली.

संध्याकाळी कारखान्याने कळवलं की सराव यशस्वी झाला. भिंगरीचे बाबा मात्र म्हणाले की फोन आलाच नव्हता, ते बाहेर चहा पीत होते आणि बटण आपलं आपण बसलं होतं. जे आत राहिले होते ते ठणठणीत होते. जे बाहेर गेले होते तेही. मोठ्या बाईंनी अहवालाचा कागद दिला. त्यात विचारलं होतं, मुले शांत होती का, होय किंवा नाही. सरांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि दोन दिवसांनी बायकोने तो शर्टाबरोबर धुऊन टाकला.

बुधवारी सकाळी भिंगरी दप्तर न ठेवताच सरांपाशी आली. "कालचा खरा होता का?"

"मला अजून माहीत नाही."

तिने मान हलवली आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "सरांना माहीत नाहीये." मुलांनी ऐकलं, दप्तरं ठेवली आणि ठोकळे काढले.

"आणि आज वाजला तर कुठे जायचं?" ठोकळे काढता काढता कुणीतरी विचारलं.

सर खिडकीशी गेले. समोरच्या गच्चीवर चादरी वाळत घातल्या होत्या आणि वाऱ्याने फुगल्या होत्या. चादर या बाजूला फुगली म्हणजे वारा त्या बाजूने येतोय, आणि कारखाना तिकडे, म्हणजे आपण... त्यांनी बोटांवर दोनदा मांडून पाहिलं आणि दोन्ही वेळा वेगळं आलं.

"इकडे या सगळे," ते म्हणाले. "ती चादर बघा, आणि वारा कुठून येतोय ते मला सांगा."

बावीस मुलं खिडकीला चिकटली. अकरा जणांनी डावीकडे बोट केलं, अकरा जणांनी उजवीकडे.

"थांबा," सर म्हणाले आणि खाली बसले. "पुन्हा बघू. नीट बघू."